किरिंगेनीची मुकी घंटा

आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, समुद्राकडे पाठ करून दिवसभर चाललं की लाल मातीची टेकाडं लागतात. त्यातल्या एकावर किरिंगेनी नावाचं गाव आहे. गावाच्या मधोमध गोरखचिंचेचं झाड आहे. आपल्याकडेही कुठे कुठे ते दिसतं, बुंधा हत्तीच्या पोटासारखा आणि फांद्या अशा की कुणी झाड उपटून उलटं रोवलंय असं वाटावं. त्या झाडाच्या सावलीत चुन्याने रंगवलेलं, पत्र्याच्या छपराचं अँग्लिकन देऊळ आहे, आणि देवळाच्या दारावर पितळी घंटा आहे. नवा पाहुणा सवयीने दोरी शोधतो. दोरी नसते. मग तो मान वाकडी करून घंटेच्या पोटात डोकावतो, तर आत लोलकही नसतो. वारा आला की ती नुसती हलते, आवाज नाही.

रविवारी उपासनेआधी गावातलं एक माणूस दारोदार फिरतं. कधी बाई असते, कधी पुरुष. त्याला तिथे हाकारी म्हणतात. प्रत्येक दाराशी थांबून हळू आवाजात तो एकेक नाव घेतो, आणि ज्याचं नाव घेतलं ते माणूस आतून ओ देतं आणि देवळाकडे निघतं. बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्रीसाहेबांनी दिलेलं नाव तो घेत नाही. आईने ठेवलेलं घेतो.

हे असं का, ते सांगायला म्झे लेवी देवळाच्या ओट्यावर बसलेले असतात. म्झे म्हणजे वडीलधारं माणूस, आपण आबा म्हणतो तसं. आबा आधी पाहुण्यालाच खोदून खोदून विचारतात. गाव कुठलं, मुलं किती, सुनेशी पटतं का, गुडघे कसे आहेत. सगळं कळलं की मग गोष्टीला हात घालतात. पाहुणा नाशिककडचा निघाला तर आधी चहा मागवतात, कारण ही गोष्ट नाशिकपासून सुरू होते.

फार वर्षांपूर्वी, म्हणे, गुलामांनी भरलेलं एक गलबत भर समुद्रात पकडलं गेलं. त्यात अगदी लहान पोरं होती. गाव कुठलं, आई कोण, काहीच त्यांना सांगता येईना. ती मुंबईला उतरवली आणि नाशिकजवळच्या एका मिशनच्या वसाहतीत वाढवली. तिथे त्यांना नवी नावं मिळाली. त्यातला एक एनोस आणि एक केतुरा. एनोस लोहारकाम शिकला. केतुरा शिवणटिपण, दळणकांडण, भाकरी-कालवण शिकली. दोघं मराठीत हसत, मराठीत भांडत आणि देवापुढे हात जोडत तेही मराठीतच. लग्नही तिथेच झालं. पुढे मिशनने त्या दोघांना परत आफ्रिकेत पाठवलं आणि किरिंगेनीच्या टेकडीवर ख्रिस्ती मंडळी उभी करायचं काम सोपवलं.

परत म्हणायचं ते आपण. केतुराला तिथलं काहीच ओळखीचं नव्हतं. कातडी तिथली आणि बोली गोदावरीकाठची, त्यामुळे आसपासचे लोक बाजरी विकायला येत, दोघांकडे टकामका बघत आणि निघून जात. गलबताआधीचं तिला एकच आठवायचं. ती काटक्या वेचत होती आणि झुडपातून एक हात बाहेर आला. त्या हाताच्या आधी काही नाही, आईचा चेहरा नाही, आपलं नावही नाही. म्हणून झाडीत पाऊल टाकायचं म्हटलं की तिच्या तोंडचं पाणी पळायचं. सरपणसुद्धा एनोसच आणायचा.

सुरुवातीला गोरखचिंचेखाली उपासनेला बसत ती दोघंच. मग हळूहळू माणसं येऊ लागली. ती होती किनाऱ्यावरच्या नारळाच्या मळ्यांतून पळून आलेली गुलाम माणसं. मळेवाले आणि मिशन यांच्यात एक करार झाला होता, असं सांगतात. मिशनच्या काटेरी कुंपणाच्या आत मळेवाल्यांची माणसं शिरणार नाहीत, पण कुंपणाबाहेर जो सापडेल तो त्यांचा. म्हणून ही माणसं आत येऊन राहत. पण भीती त्यांच्याबरोबरच आत आलेली. त्यांनी झोपड्या बांधल्या त्या कुंपणाला चिकटून, आणि प्रत्येकाने झोपडीमागे काट्यांत एक भोक पाडून ठेवलं. वेळ आली तर झाडीत पळायला. उपासनेलाही ती एकमेकांजवळ बसत नसत. सगळे एका जागी सापडलो तर, ही धास्ती. आमेन म्हणतानाही नजर मागे.

केतुराचा स्वभाव मुळात चौकस. गप्प बसवायचं नाही. ती झोपडी-झोपडीत जायची, मडक्यावरचं झाकण काढून बघायची, आज काय रांधलंय, पोराचा ताप उतरला का, पाठीवरचा हा वळ कशाचा. एनोस म्हणायचा, अगं, देवाला तरी एखादं गुपित राहू दे. पण मंडळी वाढली ती तिच्या या फिरण्यातूनच. विचारता विचारता एक प्रश्न ती सगळ्यांना विचारू लागली, तुझी आई तुला काय म्हणायची. मळ्यावर त्यांना मालकाने नावं दिली होती, इथे अधूनमधून येणाऱ्या पाद्रीकडून बाप्तिस्म्याची मिळत होती. आईचं नाव मात्र त्यांनी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. तिला स्वतःला तसं नाव नव्हतं, म्हणून तिला त्याची भूकच असावी. लोक तिच्या कानात सांगत. सीमोन नावाचा एक धिप्पाड गडी होता, एकटा तुळई उचलायचा. त्याची आई त्याला म्बेवा म्हणायची. म्बेवा म्हणजे उंदीर. केतुरा खूप हसली म्हणे, तोही हसला. पण एवढी बोलकी बाई, ही नावं तिने कुणापुढे उच्चारली नाहीत. नवऱ्यापुढेसुद्धा.

बायका तिची थट्टा करत. "आमची नावं बरी पोटात शिरून काढतेस. स्वतःच्या नवऱ्याचं नाव घ्यायला काय होतं तुला?"

"आमच्याकडे बायको नवऱ्याचं नाव घेत नाही."

"मग हाक कशी मारतेस?"

"अहो म्हणते."

बायकांना ते फार आवडलं. एनोस भात्याशी बसला की जाता-येता त्या मुद्दाम "अहो" म्हणून जायच्या आणि तो घण खाली ठेवून लाजायचा.

नाव सांगितलं नाही ते एकीनेच. ती बाहाती, हेही मालकाने दिलेलंच नाव, वीस-बाविशीची पोर, पोटुशी आली होती. पोराचा बाप मळ्यावरच राहिला होता. केतुरा तिच्या पायांना तेल चोळायची, पेज करून पाजायची आणि मधूनच विचारायची. बाहाती म्हणायची, "तेवढं एकच त्यांना घेता आलं नाही. ते मी तोंडाबाहेर काढणार नाही." केतुराने मग विचारणं सोडलं. ते तिला किती अवघड गेलं असेल, हे तिच्या ओळखीच्यांनाच ठाऊक.

अशात विलायतेतल्या कुठल्याशा मंडळीने किरिंगेनीला घंटा पाठवली. दोन हमालांनी काठीला बांधून ती वर आणली. एनोसला तर आकाश ठेंगणं झालं. नाशिकला त्यांचं सगळं बालपण घंटेवर चाललं होतं. घंटा झाली की आंबील, घंटा झाली की शाळा, घंटा झाली की अंथरूण. गलबतातून आलेल्या पोरांना घंटेने एकच शिकवलं होतं, आता तुला कुणी नेणार नाही. एनोसने आपल्या हाताने आकडा घडवला, लोलक घासून पुसून लावला, आणि गोरखचिंचेच्या फांदीला घंटा टांगली. मंडळीला त्याने काही सांगितलं नाही. रविवारी सकाळी ऐकून सगळे हरखतील, असं त्याला वाटलं. केतुरालाही तसंच वाटलं. जगाच्या चौकशा केलेल्या त्या बाईने एवढंच विचारलं नव्हतं, की मळ्यावर तुम्हाला उठवत कशाने.

रविवारी उन्हं वर आली आणि एनोसने दोरी ओढली. आनंदाच्या भरात तो वाजवतच राहिला. बऱ्याच वेळाने दोघांच्या ध्यानात आलं की कुणीच येत नाहीये.

केतुरा पहिल्या झोपडीत गेली. चूल पेटलेली, मडकं लवंडलेलं. दुसरीत तसंच. बाहातीच्या झोपडीत पेज करपत होती आणि मागच्या भोकात काट्याला तिच्या अंगावरच्या कापडाची चिंधी लोंबत होती. सगळ्या वस्तीत एकच माणूस उरला होता, लंगडा म्हातारा माब्रुकी. तो जमिनीवर उकिडवा बसला होता, दोन्ही हात डोक्यावर, डोळे मिटलेले. केतुराने त्याच्या खांद्याला हात लावला तर त्याने मार चुकवावा तसं अंग चोरलं. मळ्यावर लोखंडाची पट्टी टांगलेली असते, म्हणाला. सकाळी ती थांबून थांबून ठोकतात, तेव्हा गुलामांची मोजणी. आणि कुणी पळालं तर न थांबता ठोकतात, ते माणूस धरून आणेपर्यंत. आणल्यावर त्याचं काय करतात ते सगळ्यांना उभं करून दाखवतात. "मला पळता येत नाही," तो म्हणाला, "म्हणून बसलोय."

एनोसने घंटा न थांबताच वाजवली होती.

टेकडीच्या काठावरून त्याने खाली पाहिलं. माळावर माणसांची रांग चालली होती, पांढरे अंगरखे आणि उन्हात चमकणाऱ्या बंदुका. मळेवाल्यांची माणसं कितीतरी दिवस आपल्या पळालेल्यांचा माग काढत होती. कुठे जायचं ते त्यांना घंटेने सांगितलं. आणि ज्यांना शोधायचं ते सगळे कुंपणाबाहेर, झाडीत.

हाका मारून उपयोग नव्हता. मोठा आवाज ऐकला की ती माणसं आणखी आत पळणार. एनोसने घंटा उतरवली आणि पाठीला बांधली. पलीकडच्या उतारावर एक कोरडं नदीपात्र होतं. तो म्हणाला, मी तिथे जाऊन वाजवतो, ते माझ्या मागे येतील, तेवढ्यात तू सगळ्यांना आत आण.

"मी? झाडीत?"

"मी कुणाच्या नावाने हाक मारू, केतुरा? मला त्यांची मालकाने दिलेली नावं ठाऊक आहेत, नाहीतर पाद्रीने दिलेली. खरी तुझ्याकडेच आहेत."

"मला भीती वाटते हो."

"मलाही वाटते," तो म्हणाला. आणि गेला.

केतुरा कुंपणाच्या भोकाशी उभी राहिली. समोरची झाडी तीच होती, त्या हाताची. तिथे तिने नवस केला, असं सांगतात. देवा, सगळे आत येऊ देत. एक जरी बाहेर राहिलं तरी मी तुझ्या घरात पाऊल ठेवणार नाही. आणि बाहातीच्या चिंधीखालून ती वाकून बाहेर गेली.

आत उजेड हिरवा आणि तोकडा होता. काटे लुगड्याला धरून मागे ओढत, आणि प्रत्येक वेळी तिला वाटे की कुणीतरी धरलं. एवढ्यात टेकडीपलीकडून घंटा ऐकू आली. टण, टण, न थांबता. ज्या आवाजाने लोक पळाले होते त्याच आवाजावर आता तिचा जीव टांगलेला होता. वाजतेय तोवर नवरा जिवंत आहे. तिने जमिनीलगत तोंड नेलं आणि कुजबुजल्यासारखं म्हटलं, "म्बेवा."

एका झुडपाने श्वास सोडला. तो धिप्पाड गडी पानांखालून रांगत बाहेर आला, डोळे पांढरे पडलेले. तिने त्याला कुंपणाची दिशा दाखवली आणि पुढे गेली. पुढचं नाव, मग त्यापुढचं. प्रत्येक नावाला कुठूनतरी पाचोळा हलायचा. कुणी वारुळाआडून उठे, कुणी मुलाच्या तोंडावर हात दाबून पुढे येई. ही नावं मळ्यावर कुणालाच माहीत नव्हती, म्हणून ही हाक मालकाची असूच शकत नाही, हे त्यांना कळत होतं. कारण झाडीत दुसऱ्याही हाका येत होत्या. बरीचशी माणसं घंटेमागे गेली होती, पण काही मागे राहिली होती आणि गोड आवाजात ओरडत होती, बाहाती, अगं बाहाती, ये, पाद्रीसाहेब बोलावतायत. तो आवाज एकदा इतका जवळून आला की केतुराने तोंडात पदराचा बोळा कोंबला आणि पालापाचोळ्यात पालथी पडून राहिली. बाजूने पावलं गेली. पायातल्या चपलांचं करकरणं तिला मरेपर्यंत ऐकू यायचं, म्हणे.

सूर्य कलला. सगळ्यांची नावं घेऊन झाली. उरली एक बाहाती, आणि तिचं नाव केतुराजवळ नव्हतं.

ती उभी राहिली. काय म्हणून हाक मारायची. बाहाती म्हटलं तर आपणही त्या लोकांतल्याच एक वाटणार. टेकडीपलीकडे घंटा चालू होती, आता थोडी अडखळत, दमल्यासारखी. केतुरा ऐकत होती. टण. टण. मग एक टोला अर्धाच झाला, जणू कुणी घंटेवर हात ठेवला.

त्यानंतर वाजली नाही.

केतुरा होती तिथेच खाली बसली. नदीकडे धावावं असं वाटत होतं, कुंपणाकडे धावावं असंही वाटत होतं, आणि तिला बोटसुद्धा हलवता येत नव्हतं. ती पुन्हा काटक्या वेचणारी पोर झाली होती. गुडघ्यात तोंड घालून ती पुटपुटू लागली, कुणाला ते तिलाही ठाऊक नव्हतं. "मला माझं नाव आठवत नाही. मला कुणी हाक मारली तरी मला कळणार नाही गं."

हाताच्या अंतरावरचं झुडूप हललं. पानांतून एक हात बाहेर आला.

केतुराला ओरडताही आलं नाही. त्या हाताने तिचं मनगट धरलं. हात गार होता.

"मामा केतुरा," हात म्हणाला. तिथे आईला मामा म्हणतात. "मी न्येन्येझी. ऊठ. मला कळा येतायत."

न्येन्येझी म्हणजे चांदणी. दिवसभर बाहाती तिथेच होती, म्हणे. आपल्या नावाने ओरडणारे ऐकत, केतुराला येता-जाता बघत, आणि दात आवळून. जे नाव ती कुणालाच देणार नव्हती ते तिने त्या वेळी दिलं. मग कुणी कुणाला उठवलं, कुणी कुणाला आधार दिला, ते सांगता येत नाही. दोघी एकमेकींना धरून कुंपणाच्या भोकातून आत आल्या. पाठोपाठ मळ्याची माणसं येऊन पोचली, बाहेरून शिव्या देत फिरली आणि अंधार पडायच्या आत उतरून गेली. गोरखचिंचेच्या ढोलीत बाहातीला मुलगी झाली. पोर पहिल्यांदा रडलं तेव्हा सगळे दचकून कुंपणाकडे बघू लागले. मग म्बेवा म्हणाला, रडू दे. आणि सगळे, ज्यांनी कधी एकमेकांच्या जवळ बसायची हिंमत केली नव्हती, ते त्या ढोलीभोवती अंगाला अंग लावून बसले. किरिंगेनीची मंडळी खरी त्या दिवशी झाली, असं आबा म्हणतात.

एनोस आला नाही. दुसऱ्या दिवशी सीमोन आणि इतर पुरुष नदीपात्रात उतरले. वाळूत घंटा उताणी पडली होती. वाळूवर बऱ्याच पावलांच्या खुणा होत्या, आणि त्या समुद्राकडे गेल्या होत्या. घंटेत लोलक नव्हता. आकडा एनोसनेच घडवलेला, तो कसा उघडतो ते त्याला एकट्यालाच ठाऊक. आपल्याला धरलं तर हे लोक हीच घंटा झाडीत नेऊन वाजवतील आणि लपलेल्यांना पुन्हा उठवतील, हे त्याच्या लक्षात आलं असणार. लोलक कुठे फेकला ते कुणाला सापडलं नाही. पण पुढच्या पावसानंतर त्या जागी वाळूतून झरा लागला. त्याच्या पाण्याला लोखंडाची चव आहे आणि काठचे दगड तांबडे आहेत. गावातली म्हातारी माणसं अशक्त मुलांना ते पाणी पाजतात.

मिशनने नवा लोलक पाठवायची तयारी दाखवली. केतुरा नको म्हणाली. घंटा तिने तशीच टांगायला लावली, कारण घंटेमुळे काय झालं ते कुणी विसरू नये, आणि घंटेने काय वाचवलं तेही. दर रविवारी ती स्वतः दारोदार जाऊन सगळ्यांना आईच्या नावाने बोलावू लागली. कुंपणाची भोकं एकेक करून बुजत गेली. देऊळ उभं राहिलं, आसपासचे बाजरीवालेही येऊ लागले. केतुरा मात्र देवळात कधी गेली नाही. एक माणूस अजून बाहेर होतं. ती उंबरठ्यावर बसायची, दाराचं कवाड पाठीने उघडं धरून.

आता त्या टेकड्यांवर किरिंगेनीपासून निघालेली कितीतरी देवळं आहेत. नवं देऊळ झालं की मंडळी घंटा विकत आणते, तिचा लोलक काढते, झऱ्यात सोडते, आणि मगच ती टांगते. एका नव्या बिशपसाहेबांना हे पटलं नव्हतं म्हणे. रविवारी सकाळी हाकारी त्यांच्या खोलीच्या दाराशी उभी राहिली आणि तुमची आई तुम्हाला काय म्हणायची, असं विचारलं. साहेब लाल झाले. मग त्यांनी हळूच सांगितलं. ते नाव गावात सगळ्यांना ठाऊक आहे, पण पाहुण्याला कुणी सांगणार नाही. त्यानंतर साहेबांनी घंटेचा विषय काढला नाही.

आजही हाकारी सगळी घरं झाली की शेवटी गावाच्या टोकाला जाते, जिथून ते नदीपात्र दिसतं. मंडळी देवळात बसलेली असते, पुस्तकं उघडलेली, पण पाद्रीसाहेब सुरुवात करत नाहीत. एनोसची आई त्याला काय म्हणायची ते त्यालाही माहीत नव्हतं. म्हणून हाकारी, मग ती त्या पहिल्या माणसांपैकी कुणाची नात असो, पणती असो, की तुळई उचलणारा एखादा गडी असो, खालच्या वाळूकडे तोंड करते आणि त्या अनोळखी देशातला तो एकच मराठी शब्द हळू आवाजात उच्चारते.

"अहो."

मग ती थांबते. ओ यायला जितका वेळ लागावा तितका वेळ. झऱ्याचा आवाज येतो. ती परत फिरते, देवळाच्या उंबरठ्यावर येऊन बसते, आणि कवाड आपल्या पाठीने उघडं धरून ठेवते.